हलकं माउंट

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये दिवस मावळला की वायव्येला धूमकेतू दिसायचा आणि आमच्या घरात भांडण लागायचं. यांची बायपास होऊन तीन महिने झाले होते. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांना मात्र धूमकेतूचा फोटो हवा होता, तोही उद्यमनगरातल्या फाउंड्रीत स्वतः ओतून घेतलेल्या बिडाच्या माउंटवरून. माउंट म्हणजे कॅमेरा आकाशाबरोबर हळूहळू फिरवणारा स्टँड. यांचा बिडाचा उचलायला दोन माणसं लागायची.

शेवटी माझ्या हट्टापायी पुण्याच्या दुकानात दोन नवी माउंट बघितली. यांनी दोन्हींना टिचकी मारली. जड होतं ते ढिम्म हललं नाही, हलकं थरथरत राहिलं.

“ह्याच्यावर फोटूत तारा येणार न्हाय, अळी येणार,” हे म्हणाले.

“अळी तर अळी. मला एकटीला उचलतंय की!” मी म्हणाले आणि हलकंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुरगूडच्या अलीकडे एका माळावर मी ते मागच्या सीटवरून उतरवून मांडलं. जरा मिरवायची हौसही होतीच. माउंटचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर. मी आस खाली आणत गेले, तो पंचवीसवर अडला. स्क्रू पिळला, दाबून बघितलं, हलेना. बनवणाऱ्यांनी आपल्या मुलखाचा विचारच केला नव्हता, आणि दुकानात मीही नाही. धूमकेतू उसाच्या फडाकडे उतरत चालला होता.

“सांगत हुतो!” म्हणत यांनी गाडीची डिकी उघडली. आत बिडाचं माउंट! शेजाऱ्यांकडून गुपचूप चढवून घेतलेलं. हे उचलायला वाकले.

मी धावत जाऊन डिकीत त्या बिडावरच बसले.

“अहो, आधी मला उचला. मग ह्याला.”

“ऊठ. येळ जातोय.”

“न्हाय उठत.”

“असंच बसून ऱ्हायचं व्हय मी आता?”

“मग काय मरायचंय?”

तीन महिने घरात हा शब्द कुणी काढला नव्हता. यांच्या मानेवरची शीर उडत होती. मला राग आला होता, पण भीती त्याहून जास्त होती. त्या माळावर काही झालं असतं तर हाकेला माणूस नव्हतं. मी दोन्ही हातांनी डिकीची कड धरून बसले. धूमकेतू धुरकटात शिरला आणि दिसेनासा झाला.

“तिपाईचा उत्तरंकडचा पाय आखूड केला की आस उतरंल,” हलक्या माउंटकडे बघत हे म्हणाले. “उद्या बघू.”

मी डिकीतून उतरायला लागले. यांनी हात पुढे केला. मी तो धरेना.

“एवढं तरी उचलू दे की,” हे म्हणाले.

मी हात दिला, पण सगळा भार माझ्याच गुडघ्यांवर घेतला. ते यांच्या हाताला कळलं.