बू मिशारीच्या बंदुकीचा दस्ता

शत्रुघ्न मेस्त्रीकडे खुर्ची फक्त एक पाय बसवायला दिली, तरी ती परत येताना पाठीसकट चकचकीत होऊन यायची. सांगितलं तेवढंच करावं, हे कुडाळकडच्या त्याच्या सुतारकीत त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "वस्तू हातात इली, म्हणजे ती नवी होवनच जावक व्हयी," असं त्याचा बाप म्हणायचा. बाप गेला, पण हे वाक्य शत्रुघ्नने कुवेतपर्यंत आणलं.

कुवेतला तो बायकोच्या मागून आला. आनंदी इथल्या इस्पितळात नर्स. ती आधी आली आणि दोन वर्षांनी तिच्या व्हिसावर हा, कडेवर नेहाला घेऊन. पहिलं वर्षभर त्याने महबूलाच्या फ्लॅटमध्ये मुलीला सांभाळलं, भात लावला, आनंदीचे पांढरे गणवेश इस्त्री केले. पुढे शुवैखच्या एका लाकूडकामाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. तरी इमारतीत तो राहिला 'आनंदी सिस्टरचे मिस्टर'च. कुणी चेष्टा करण्याआधी तो स्वतःच म्हणायचा, "आमी काय, बायकोच्या पदराक धरून विमानात बसलेले." लोक हसायचे. आनंदी हसायची नाही. दर वेळी हे वाक्य बोलून झाल्यावर तो पाणी पितो, हे तिच्या लक्षात आलेलं होतं.

म्हणूनच बू मिशारीने त्याला 'उस्ताद' म्हटलं, तेव्हा ती हाक त्याला फार आत जाऊन लागली.

बू मिशारी म्हणजे मिशारीचा बाप. सत्तरीचा, निवृत्त, मिरकाबला स्वतःचं छोटं ऑफिस असलेला कुवेती. लहानपणी वडिलांबरोबर तो मुंबईला जाऊन राहिला होता, त्यामुळे हिंदी बरं बोलायचा. जुनी पेटी दुरुस्त करायला म्हणून तो कारखान्यात आला आणि पेटीचं काम बघून शत्रुघ्नला घरी घेऊन गेला. तिथे काचेच्या कुलूपबंद कपाटात पाच बंदुका होत्या. प्रत्येकीला दोन नळ्या, एकीवर एक. वरची रुंद, छर्‍यांची. खालची बारीक, एकाच गोळीची, रायफलीसारखी आतून पीळ असलेली.

"एक टिकट में दो सिनेमा, उस्ताद!" बू मिशारी म्हणाला. "ऊपर से परिंदा, नीचे से खरगोश."

मग त्याने खालच्या नळीची गोळी तळहातावर ठेवून दाखवली. करंगळीच्या दोन पेरांएवढी. साडेपाच मिलिमीटरच्या आसपासची ही जात आता फारशी कुणी बनवत नाही. पाचही बंदुका त्याच एका गोळीच्या होत्या, आणि तसल्याच शोधून जमवणं हा त्याचा पंचवीस वर्षांचा नाद होता. दुसरे लोक मोठमोठ्या रायफली भिंतीवर लावतात, तो म्हणाला, पण मोठ्या गोळीने सशाचं उरतं काय? लहान गोळी नेमकी लागते, मांस जागेवर राहतं, आणि बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायलाही वेळ मिळतो. आता इथे शिकारीवर बंदी फार. तो थंडीत परदेशी जाऊन परवान्यावर दोन-चार दिवस मारून येई. बाकी वर्षभर नुसतं तेल लावणं.

शत्रुघ्नला बोलायला विषय सापडला. बापाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती. पारधीला गाव निघायचा तेव्हा कुत्री कशी सोडायचे, रान कसं उठवायचे, ज्याची गोळी लागली त्याला डुकराचा मानाचा वाटा कसा मिळायचा, आणि पुढे कायद्याने सगळं कसं बंद झालं, हे त्याने मोडक्या हिंदीत रंगवून सांगितलं. खंडेनवमीला बाप ती बंदूक खुंटीवरून काढायचा, पुसायचा, गंधफूल वाहायचा. तिला कुणा पोराचा पाय लागला तर थोबाडीत बसायची.

"तुम बंदूक को समझता है," बू मिशारी म्हणाला.

त्यानंतर तो दर दोन महिन्यांनी काही ना काही काम काढायचा. त्याच ओळखीवर शत्रुघ्नने सुरेशचा विषय काढला.

सुरेश कारखान्यातला पॉलिशवाला, शेजारच्याच गावचा, बावन्न वर्षांचा, इथे एकटा राहणारा. दर शुक्रवारी जेवायला महबूलाला यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "वयनी, बांगडो की सुरमय? सुरमय असली तर आंघोळ करून येतंय!" कारखान्याने माणसं कमी करायला घेतली आणि सुरेशचं कंत्राट पुढे वाढणार नाही, असं कळलं. दोन महिन्यांत दुसरा कुवेती मालक मिळाला नाही तर परत जायचं. या वयात गेलेल्याला कुणी पुन्हा बोलवत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक.

बू मिशारीची खैरानला समुद्राकाठी तीन घरं होती. खार्‍या वार्‍याने दारं-खिडक्या सडायच्या. तिथे कायमचा माणूस हवाच होता. "तुम बोलता है तो अच्छा ही होगा," तो म्हणाला. "ईद के बाद भेज दो. इकामा मैं कर देगा." इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. सुरेशने त्या शुक्रवारी तीन वेळा भात घेतला.

त्याच आठवड्यात बू मिशारीने पाचांतल्या सगळ्यात जुन्या बंदुकीचा दस्ता शत्रुघ्नकडे दिला. लोखंड कपाटातच राहिलं. कायद्याप्रमाणे ते बाहेर नेणं शक्यच नव्हतं. फक्त अक्रोडाचा दस्ता, फडक्यात गुंडाळलेला. त्याच्या मानेला, मूठ धरतात तिथे, तडा गेला होता.

"बस इतना जोड़ दो, उस्ताद."

कारखान्यात धूळ फार म्हणून शत्रुघ्नने दस्ता घरी आणला. तडा त्याने अप्रतिम जोडला. आत पितळेची बारीक खीळ, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून दोन दिवस ठेवला. तिसर्‍या दिवशी पट्टी सोडली तेव्हा भेग कुठे होती, हे त्याचं त्यालाच शोधावं लागलं. तिथेच थांबायचं होतं.

पण दस्त्याची कड बघवत नव्हती. घामाने काळी पडलेली, आणि तिच्यावर चाकूचे एकतीस चरे. काही आखूड, काही लांब. शत्रुघ्नने ते मोजले. कुणी नोकराने कपाट सरकवताना, पोरांनी खेळताना, कसे का पडले असेनात. ज्या वस्तूला गंधफूल लावायचं, तिला कुणी मुद्दाम चाकू लावेल, हे त्याच्या मनात येणं शक्यच नव्हतं. त्याने आनंदीच्या इस्त्रीखाली ओलं फडकं ठेवून आधी पोचे वर आणले. मग अक्रोडाचाच भुसा सरसात कालवून एकेक चरा बुजवला. मग काचपेपर. मग तीन हात तेल.

"माझ्या गणवेशाक तपकिरी डाग पडलो," आनंदी म्हणाली. "इस्त्री काय बंदुकीची असा?"

"गो, बघ तरी! आरसो झालो."

नेहाने मोबाइलमधून मान वर केली. "पप्पा, ही टोल्ड यू टू फिक्स द क्रॅक ओन्ली, ना?"

"तुका काय कळता त्यातला," शत्रुघ्न म्हणाला.

बू मिशारी दस्ता न्यायला कारखान्यात आला. फडकं सोडलं. तडा त्याने बघितलाच नाही. बोट कडेवरून एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं. मग तो जवळच्या स्टुलावर बसला.

"निशान कहाँ है?"

आणि त्याने सांगितलं. वडिलांनी दर शिकारीला एक खूण कापली होती. आखूड म्हणजे ससा, खालच्या नळीचा. लांब म्हणजे माळढोकाच्या जातीचा हुबारा, वरच्या नळीचा. टोकाची सर्वांत आखूड खूण त्याची स्वतःची होती. अकरा वर्षांचा असताना, वडिलांनी त्याच्या बोटावर बोट ठेवून घोडा दाबला होता. पहिला ससा. ती खूण वडिलांनी त्याचाच हात धरून कापली होती.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "उस्ताद, ये किसने किया?"

उत्तर द्यायला शत्रुघ्नला किती वेळ लागला? पुढे कितीतरी रात्री त्याने ते पुन्हा आठवून बघितलं. फार नाही. एक श्वास. 'उस्ताद' ही हाक अजून हवेत होती आणि ती जाऊ नये, एवढंच त्याला कळत होतं.

"बाबा, मैंने तो सिर्फ जोड़ा. पॉलिश सुरेश करता है."

सुरेश आतल्या खोलीत फवारणीचं यंत्र लावून काम करत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

बू मिशारी उठला. दस्ता गुंडाळला. दारातून म्हणाला, "वो आदमी को खैरान मत भेजना. मेरी चीज़ को हाथ मत लगाने देना." मग शत्रुघ्नच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हारा कसूर नहीं."

तो हात शत्रुघ्नला अंगावरून झटकताही येईना.

सुरेशला त्याने सांगितलं की बाबाचा विचार बदलला. मोठी माणसं, त्यांचं काही सांगता येत नाही. सुरेश म्हणाला, "जांव दे रे. माझ्या नशिबाक कधी सरळ वाट गावली?" आणि पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखा जेवायला आला. सुरमई होती. दारातून ओरडला नाही, एवढंच. जेवताना म्हणाला, "शत्रूदादा, तिया माझ्यासाठी शब्द टाकलंस, ह्या मी इसरूचंय नाय. नाय झाला तर नाय झाला."

शत्रुघ्नच्या ताटातला मासा तसाच राहिला. आनंदीने तो बघितला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि या माणसाने मासा कधी टाकला नव्हता. सुरेश गेल्यावर तिने ताट समोरच ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली.

"काय केलंस?"

"खय काय?"

"माका पेशंट पण असाच म्हणतत. मगे एक्सरेत दिसता. सांग."

त्याने सांगितलं. संपल्यावर आनंदी म्हणाली, "चूक केलंस ती मापी मागून गेली असती. ह्या काय केलंस? तो माणूस माझ्या हातचा जेवता. उद्या मी त्याका कसा वाढू?"

"बाबा माका परत उंबर्‍यात उभा करूचो नाय, गो."

"नको करूंदे. हय उंबरो नाय काय तुका?"

तरीही आठ दिवस गेले. सुरेशने गावी न्यायची ट्रंक विकत आणली तेव्हा शत्रुघ्न मिरकाबला गेला.

ऑफिसात बू मिशारी एकटाच होता. शत्रुघ्न बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "बाबा, वो सुरेश ने नहीं किया. मैंने किया. अपने घर में किया. उसने दस्ता देखा भी नहीं."

बू मिशारीने चष्मा काढला. काच पुसली.

"निशान का मैं उसी दिन माफ कर देता," तो म्हणाला. "तुमको मालूम नहीं था. लेकिन तुमने मेरे हाथ से एक गरीब का पेट मारा. मेरे हाथ से!"

"उसको काम दे दो, बाबा."

"देगा."

एवढ्यावर शत्रुघ्नने वळायला हवं होतं. पण तो घुटमळला, आणि जे बोलला त्याची लाज त्याला खोटं बोलल्याच्या लाजेपेक्षाही जास्त वाटते.

"बाबा, एक मेहरबानी. उसको ये बात मत बताना."

बू मिशारीने टेबलावरचा कागद पुढे ओढला. "ठीक है, शत्रुघ्न. जाओ."

नाव घेऊन. पहिल्यांदाच.

चार दिवसांनी, मधल्या वारीच, सुरेश हलव्याचा मोठा डबा घेऊन महबूलाला आला. खैरानचं पक्कं झालं होतं. कागद सुरू झाले होते. त्याने डबा आनंदीच्या हातात दिला आणि सरळ शत्रुघ्नच्या पाया पडायला वाकला.

"अरे, अरे, ह्या काय!"

"रवांदे. तुझ्यामुळे झाला. बाबाक परत जावन भेटलंस मा? कारखान्यात सगळे सांगतत. सख्खो भाव करूचो नाय असा केलंस."

आनंदी डबा धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने झाकण उघडलं नाही. ती काही बोलणार नव्हती, आणि ते शत्रुघ्नला कळत होतं. बू मिशारीही बोलणार नव्हता. म्हणजे आता हे आयुष्यभर असंच चालू शकलं असतं. सुरेश पाया पडत राहिला असता आणि हा मोठा होत राहिला असता.

"सुरेश, बस," तो म्हणाला. "भेटलंय, पण कित्याक भेटलंय ता आयक."

सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. शेवटची मेहरबानी मागितली होती, तीसुद्धा त्याने सांगितली. सुरेशने एकदाच विचारलं, "माझा नाव घेतलंस, तेव्हा मी आतच होतंय?"

"आतच होतंस."

"मशीन चालू होता," सुरेश म्हणाला, जणू त्याचीच काही चूक झाली होती. मग तो उठला. आनंदी म्हणाली, "भावजी, चाय ठेवलेली असा." तो म्हणाला, "नको वयनी, बस चुकात. हलवो खावा सगळ्यांनी." बुटांची नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही, कुणाला करताही आली नसती.

शत्रुघ्न अजून शुवैखच्या कारखान्यातच आहे. बू मिशारीकडून काम येत नाही. दुसरी माणसं देतात ते सांगितल्याएवढंच करतो आणि हात लावण्याआधी विचारतो, ह्या हय असा ता ठेवू की काढू? लोकांना वाटतं, वय झालं, मेस्त्रीचा हात मंदावला.

सुरेश खैरानला रुळला. तिथून यायला लांब पडतं, हे खरंच आहे. चतुर्थीला, दिवाळीला तो आनंदीला फोन करतो. नेहाचं कॉलेज विचारतो, मासळीचा भाव विचारतो. "सगळी बरी आसत मा?" म्हणतो, आणि आनंदी 'बरी आसत' म्हणते. फोन दादाकडे दे, असं तो म्हणत नाही. शत्रुघ्न तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करून बसलेला असतो. आनंदी त्याच्याकडे न बघता फोन स्पीकरवर टाकते आणि भाजी चिरायला घेते.