पुढं गेलेली घुंगरं

३० जून १९५८ रोजी लोणावळ्याच्या टपाल कचेरीत कान्हू शिदू हिले याने अंगठा उठवून सतरा रुपये बासष्ट नये पैसे घेतले. अर्ध्या पगारी रजेचा तो शेवटचा हप्ता. पैसे कनवटीला लावून तो वळणार, तोच कारकुनाने त्याला थांबवले आणि एक कागद वाचून दाखवला. उद्यापासून कामावर हजर व्हायचे. जुलैचा महिना पारखीचा. मळवलीहून सकाळी सात चाळीसला निघालेली थैली पलीकडे पवन मावळातल्या टपालात दहाच्या आत पोचली पाहिजे. एकतीस तारखेला ओव्हरसियर साहेब तिथे स्वतः बसतील, महिन्याच्या वेळा तपासतील आणि मग कान्हूला ठेवायचे की दुसरा माणूस घ्यायचा, ते ठरवतील.

"कळलं का?" कारकुनाने विचारले.

"कळलं. पाय काय म्हनतो ते बगतो."

"पायाला काय विचारतोस? मीच सांगतो, पळ म्हणावं."

कान्हू टपालाचा रनर होता. भाज्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, पाच घरांची वाडी. त्यातले शेवटचे घर त्याचे. खांद्याला थैली आणि हातात लोखंडी टोकाची, घुंगरे बांधलेली काठी घेऊन तो रोज गायमुख खिंड चढायचा, पलीकडे उतरायचा, दुपारी परतीची थैली आणायचा. घुंगरांनी जनावर बाजूला होते आणि माणसाला टपाल आल्याचे कळते. अकरा वर्षांत तो एकदाही उशिरा पोचला नव्हता. जानेवारीत खिंडीच्या तोंडाशी मुरमावरून पाय सटकला आणि उजवा घोटा मोडला. हाड सांधले, पण पाऊल किंचित बाहेर वळूनच राहिले.

त्या सहा महिन्यांत त्याला उभे केले ते त्याच्या बायकोने. भागूबाईने डॉक्टरांचे ऐकले आणि वाडीचेही ऐकले. डॉक्टर म्हणाले दूध-अंडी द्या. तिने शेळीचे दूध दिले आणि अंडी विकणे बंद केले. वाडीने खेकडे सांगितले. ती ओढ्यातल्या कपारीत हात घालून खेकडे धरायची, पाट्यावर ठेचून त्यांचा रस्सा करायची. नाचणीची भाकरी, कुळथाचे कढण, शेवग्याचा पाला. आता कामावर जायचे म्हणून तिने ताटाचे वेळापत्रकच बसवले. पळायच्या आधी फक्त आंबील, कारण भरल्या पोटी चढ चढवत नाही; भाकरी फडक्यात, ती खिंड ओलांडल्यावर खायची. दुपारी परत आला की पुन्हा जेवण, मग दिवस मावळेपर्यंत सोपान पाटलाच्या खाचरात भाताची लावणी. पाटील रोजाचा सव्वा रुपया द्यायचा. वाकून वाकून घोट्याला सूज यायची आणि सकाळी ती घेऊनच पळायचे.

पहिल्या दिवशी धुके एवढे होते की हातातल्या काठीचे टोक दिसत नव्हते. कान्हू पळत नव्हता, भरभर चालत होता. चढ सुरू झाला आणि त्याला वर, वाटेच्या पुढच्या वळणावर, घुंगरे ऐकू आली. एका लयीत, न थांबता, चढावर जशी वाजायला हवीत तशी. त्याला वाटले, डोंगर आवाज परत देतोय. त्याने आपली काठी काखेत घट्ट दाबली. पुढची घुंगरे वाजतच राहिली आणि वर जाता जाता विरून गेली.

खिंडीच्या खाली येसूबाईची झोपडी होती. म्हातारी एकटी, दोन शेळ्या राखून राहायची. तिने दारातूनच विचारले, "आज दोन यळा निघालास व्हय रं?"

"दोन यळा कसा निघीन? आत्ताच आलोय, मावशी."

"मंग मगाशी कोन गेलं? घुंगरं वाजली तवा म्या चुलीवर तांदूळ टाकलं. आता पेज गाळून झाली."

कान्हू खिंडीत शिरला. तांबड्या चिखलात पावले उठलेली होती, ताजी, कडेने पाणी झिरपत होते. डाव्या पावलाची करंगळी नव्हती. कान्हूच्याही डाव्या पायाला करंगळी नव्हती. लहानपणी कुऱ्हाडीने गेली होती. त्याने शेजारी आपली दोन्ही पावले उमटवून पाहिली. डावे तंतोतंत जुळले. उजवे जुळले नाही. चिखलातले उजवे पाऊल सरळ होते, बोटांवर जोर देऊन टाकलेले, पळणाऱ्याचे. त्याचे स्वतःचे बाहेर वळलेले.

पलीकडे टपाल सांभाळणारे अंबाजी किराणा दुकानही चालवत. बोलायला माणूस कंजूष. त्यांनी थैली घेतली, सील पाहिले आणि आत गेले. उशीर झाल्याचे चकार शब्दाने बोलले नाहीत. कान्हूला अक्षर येत नव्हते, वहीत काय लिहिले ते कळायला मार्ग नव्हता. विचारायचा धीर झाला नाही. न बोलणाऱ्या माणसाने लिहून ठेवले असेल, एवढे त्याने मनाशी धरले.

दिवस जात होते तसा पाय मोकळा होत होता. चढावर तो चार पावले पळू लागला, मग चाळीस. पुढची घुंगरे मात्र रोज होती. लय बदलत नव्हती, वेळ बदलत नव्हती. बदलत होता तो कान्हू. येसूबाईकडे त्याचा हिशेब असायचा, आणि तो ती चुलीवर मोजायची. आठवड्याने म्हणाली, "आज पेजंला कड आला तवा तू आलास." पुढच्या आठवड्यात म्हणाली, "आज तांदूळ धुवून हुईस्तवर." आणि मग त्याचा हात धरून हळूच म्हणाली, "कान्हू, त्याला गाठू नगंस."

"कुनाला?"

"ते तुलाच ठावं. सहा महिनं तू हातरुनात हुतास, पर घुंगरं रोज जायाची हितनं. म्या कुनाला बोलले न्हाई. बदली रनर काठी वाजवत हळूहळू मागनं यायचा. पुढनं जायचा त्यो येगळा."

हे भागूबाईच्या कानावर कसे गेले, कान्हूला कळले नाही. पण विसाव्या तारखेनंतर त्याच्या ताटात फरक पडला. आंबील पातळ झाली. खेकडे बंद झाले. अंडी पुन्हा बाजाराला जाऊ लागली. एक दिवस त्याने फडके सोडले आणि भाकरी तळहाताएवढी निघाली. रात्री जेवताना तो म्हणाला, "भागे, भाकरी बारकी झाली का माजा हात वाढला?"

"नाचनी सरत आलीया."

तो उठला आणि उतरंडीच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. नाचणी होती. भागूबाई चुलीकडे तोंड करून बसली.

"शेतावर राबतोय, डोंगर चढतोय, आन तू पोट मारतीस?"

"लय पळाया लागलासा तुमी."

"त्यासाठीच तर खेकडं घातलंस मला."

"ते ठावं नव्हतं तवा." तिने राखेत काडीने रेघ ओढली. "येसूमावशी म्हनती, आता दोन-चार दिसांची गोष्ट. नोकरी गेली तर जाऊ द्या. सोपान पाटलाकडं काम हाय की."

"ते लावणीपुरतं. मंग काय, खाचरातलं बेडूक मोजू?"

"मोजा. घरात बसून मोजा."

त्यावर तो हसला, पण भाकरी दुसरी मागितली आणि तिने ती दिली नाही. पहाटे त्याने स्वतः मडक्यातून पीठ काढले, स्वतः आंबील शिजवली आणि वाडगाभर पिऊन निघाला. ती जागी होती.

गुरुवारी, एकतीस तारखेला, तो मळवलीहून ठीक सात चाळीसला निघाला. महिन्यात पहिल्यांदाच पाय दुखत नव्हता. ही खुशीची गोष्ट होती आणि तिचीच त्याला भीती वाटत होती. भाजे मागे पडले. चढाला लागताच घुंगरे ऐकू आली, पण दूर वळणावर नाहीत, वीस-पंचवीस पावलांवर. कान्हूने वेग कमी केला नाही. साहेब पलीकडे बसले असणार. आजची वेळ साधली तर मागचा उशीर कदाचित माफ होईल, नाही साधली तर बोलणेच नको. येसूबाईच्या झोपडीवरून तो गेला तेव्हा ती दारात उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता.

खिंडीच्या तोंडाशी अंतर पाच पावलांवर आले. धुक्यात काही दिसत नव्हते. फक्त समोरच्या डबक्यातले पाणी पाऊल पडल्यासारखे उडायचे आणि पुन्हा जुळायचे. ओल्या घोंगडीचा वास आला. कान्हूने अंगावर पानांचे इरले घेतले होते. घोंगडी जानेवारीत पडला तिथेच राहिली होती, ती नंतर सापडली नव्हती. पुढच्याचा श्वास ऐकू येत होता. चढावर दम राखायला दोन पावलांना एक श्वास घ्यायची कान्हूला सवय होती. पुढचा तसाच घेत होता.

आणि मग, जिथे त्याचा घोटा मोडला होता त्या मुरमावर, पुढची घुंगरे थांबली.

अकरा वर्षांत कान्हूने कधी खिंडीत आपणहून पाय थांबवला नव्हता; आज तो थांबला. समोरचा उभा होता. वाट अडवून नव्हे, कुणी मागून येणाऱ्यासाठी उभे राहावे तसा. पाच पावले टाकली की तो आणि कान्हू एका जागी येणार होते. त्यानंतर पलीकडे एकच जण उतरेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. उतरणारा कोणत्या पायाचा असेल, तेवढे मात्र त्याला कळेना.

वाडीत रीत होती की वाटेवर कुणी आपल्यासाठी थांबले तर त्याला हाकेने मोकळे करायचे, नाहीतर तो थांबूनच राहतो. कान्हू म्हणाला, "तू जा म्होरं. मी येतो मागनं."

आणि तो खाली बसला. थैली मांडीवर घेतली, काठी आडवी ठेवली. बसताना त्याला स्पष्ट दिसत होते की आपण नोकरीवर पाणी सोडून बसलो आहोत. घटकाभर काहीच झाले नाही. मग घुंगरे हलली, लय धरली आणि उतरणीला लागली. आवाज पार विरेपर्यंत तो उठला नाही. फडक्यात भाकरी होती. मळवलीत सोडून पाहिले तेव्हा ती थोराड निघाली होती. रात्री कधीतरी भागूबाईने ती थापली असणार. ती त्याने तिथेच बसून, सावकाश चावून खाल्ली.

दहा पंचवीसला तो अंबाजींच्या ओसरीवर पोचला. ओव्हरसियर साहेब हात धुऊन पंच्याला पुसत होते.

"काय रे, ओढ्यावर काय करत होतास एवढा वेळ?"

कान्हूला प्रश्न समजला नाही. अंबाजींनी वही उघडून पुढे केली आणि महिन्याभरात पहिल्यांदा लांबलचक बोलले. "साहेब, पूर्वीपासूनची माझी पद्धत आहे. या खिडकीतून ओढ्यावरची घुंगरं ऐकू आली की मी वेळ लिहितो. तो दारात येईतो शाई वाळते. हल्ली त्याला यायला उशीर होतो. म्हटलं, दुखरा पाय आहे, पाण्यात सोडून बसत असेल. माणसाला काय विचारायचं."

साहेबांनी बोट फिरवले. जुलैचे सत्तावीस दिवस कामाचे. सत्तावीस वेळा नऊ पन्नास. "आजची तर मीच ऐकली," ते म्हणाले, "घड्याळ हातात होतं. आता खरं सांग, ओढ्यावर बसला होतास ना?"

"बसलो हुतो, साहेब," कान्हू म्हणाला. "वाटंवर."

"पळून यायचं आणि दारात बसायचं. तऱ्हाच आहे." त्यांनी सही केली आणि कान्हू कामावर कायम राहिला.

दुपारी तो परतला. घरी भागूबाईने ताट वाढले. त्यात खेकड्याचा रस्सा होता. "मडक्यात हात घालू नगा आता," एवढेच ती म्हणाली.

पुढे साडेतेरा वर्षे कान्हूने टपाल वाहिले. पाय पूर्ण बरा झाला होता, पण तो कधी जिवाच्या आकांताने पळाला नाही. आंबील पिऊन निघायचा, खिंडीत त्या मुरमावर बसून भाकरी खायचा, पुढचा आवाज विरला की उठायचा. लोक म्हणत, ह्या वयात तब्येत राखावी ती कान्हूने. अंबाजींच्या वहीत त्याची वेळ नऊ पन्नासच राहिली.

१९७२ च्या जानेवारीपासून थैली जीपगाडीने येऊ लागली. पहिल्या दिवशी जीप अकरा वाजता पोचली. अंबाजींच्या वहीत त्या दिवशीही नऊ पन्नास लिहिलेले आहे. पुढच्या दिवसापासून अंबाजींनी ओढ्याकडची खिडकी लावून घेतली.

कान्हूने काठी लोणावळ्याच्या कचेरीत जमा केली. कारकुनाने घुंगरे मोजली तेव्हा एक कमी भरले. ते कुठे पडले, हे कान्हूला सांगता आले नाही. त्याची किंमत पंच्याहत्तर पैसे धरली आहे. ते पैसे त्याच्याकडून अजून येणे आहेत.