पाण्याचा निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आईला तर नाहीच — ती गेली तेव्हाही आपली पोर खोटं बोलत नाही, असंच तिला वाटत होतं. आज तुम्हाला सांगतेय, कारण आता लपवण्याचाही कंटाळा आलाय. चाळीस वर्षं एखादी गोष्ट दाताखाली धरून बसलं की जबडा दुखतोच.

तशी गोष्ट फार मोठी नाही — म्हणजे मी स्वतःची समजूत अशीच घालत आले. चोरी नाही, मारामारी नाही. बारा वर्षांच्या पोरीनं एक निरोप दिला नाही, एवढंच. पण थांबा, आधी आमची गल्ली सांगायला हवी.

सोलापुरात भवानी पेठेत आम्ही भाड्यानं राहायचो. वडील कारकून. नळाला पाणी चार दिवसांआड, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून गल्लीचा एक रिवाज होता : ज्याला आधी कळेल त्यानं शेजारच्या दारात जाऊन सांगायचं, त्यानं त्याच्या पुढच्या दारात. एकमेकींशी अबोला धरलेल्या बायकासुद्धा दारात उभ्या राहून भिंतीकडं बघत म्हणायच्या, "पाणी आलंय म्हणावं!" भांडणं कितीही होवोत, हा निरोप कुणी चुकवत नसे.

गल्लीतलं शेवटचं घर नरसम्मा मावशींचं. त्यांच्या आधीचं आमचं. मधे कापड विणायच्या यंत्रमागांची शेड, दिवसभर नुसती खटखट. त्या आवाजात त्यांना स्वतःचा नळ ऐकू यायचा नाही. त्यांना पाणी मिळायचं ते आम्ही सांगितलं तरच.

मावशी विड्या वळायच्या. नवरा वारलेला, पदरात एकुलती एक अंबिका. ती माझ्याच वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची, आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची. त्यांच्या घरात तेलुगू बोलायचे. आणि त्या वर्षी सहामाहीत मराठीत पहिली कोण आली? अंबिका. बाईंनी तिचा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. घरी वडील हसत म्हणाले, "आपण मराठी बोलणाऱ्यांनी आता तोंड कुठं लपवायचं?" त्यांनी थट्टाच केली होती. मला मात्र ती मिरचीसारखी झोंबली.

दोनच दिवसांनी भर दुपारी पाणी आलं. आई हंडा लावता लावता म्हणाली, "जा गं, नरसम्माला सांगून ये." मी गेले. खरंच गेले — त्यांच्या उंबऱ्यापर्यंत. मावशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. मान खाली, बोटं भराभर चाललेली. अंबिका दिसली नाही. मी एक हाक मारायची होती फक्त. मी उभी राहिले — किती वेळ? चार श्वास असतील. मग आल्या पावली परत फिरले.

"सांगितलंस?" आईनं विचारलं. "हो," मी म्हणाले.

पाणी तासभर होतं. तासभर! म्हणजे परत जायला मला साठ मिनिटं होती. त्यात मी काय केलं? कुणी न सांगता अंगणात सडा घातला. उरलेल्या पाण्यानं पाय धुतले, दोनदा. राग तोवर निवला होता हो. मग भीती होती, की आता गेले तर उशीर का केलास म्हणून विचारतील.

तिसऱ्या दिवशी मावशींच्या घरातला शेवटचा माठ आटला. त्या चौकातल्या टँकरवर गेल्या. ओल्या फरशीवर पाय सरकला आणि भरल्या हंड्यासकट त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं, बसलं तेही वाकडं. विडी वळायची तर मनगट फिरावं लागतं. ते सूप अंबिकेच्या मांडीवर आलं. पुढच्या जूनमध्ये माझ्या बाकावर दुसरीच मुलगी बसली.

गल्लीत चौकशी झाली तेव्हा आई ठामपणे म्हणाली, "माझी पोर सांगून आली होती." मावशी प्लॅस्टरातला हात सावरत लगेच म्हणाल्या, "आली आसंल की. मलाच ऐकू आलं न्हाय. मागाचा आवाज लई आसतो." मी आईच्या मागं उभी होते. आणि हेही सांगून टाकते — वार्षिक परीक्षेत मराठीत मी पहिली आले. वडिलांनी पेढे वाटले. मावशींच्या घरीही मीच नेऊन दिले.

पुढं मी शिक्षिका झाले. मुलांना खरं बोला म्हणून सांगायचा पगार घेते. पेठ सुटली, अंबिकेशी दिवाळी-संक्रांतीपुरतं बोलणं उरलं.

परवा गेले होते. अंबिका अजून विड्याच वळते. मावशी थकल्यात, दाराशीच बसून असतात. अंबिका त्यांच्या कानाशी ओरडून बोलत होती. मी विचारलं, ऐकू येत नाही का? ती म्हणाली, "कानाला काय झालं न्हाय गं. डॉक्टर म्हनला कान चांगले हायत. पन त्या पान्याच्या दिसापास्नं तिच्या मनानं घेतलंय, आपल्याला ऐकू येत न्हाय. दर घटकेला दाराभायेर वाकून बघती, कुनी हाक मारून गेलं का म्हनून."

मला बसवेना. उठावं म्हटलं, तर मावशींनी त्या वाकड्या हातानंच माझा हात धरला.

"सुमन, एक इचारू? त्या दिशी तू किती येळा हाक मारलीस गं?"

अंबिका सूप बाजूला ठेवून बघत होती. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. शेड केव्हाच बंद पडलीय, गल्लीत साधा आवाजसुद्धा नव्हता.

मी मावशींच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "दोनदा."

"दोनदा," त्या म्हणाल्या, आणि मान हलवत राहिल्या. "मग माजाच दोष."

बारा वर्षांच्या पोरीचं सोडा. हे मी परवा बोलले, बावन्नाव्या वर्षी. आणि मग त्यांनी दिलेला चहा पिऊन घरी आले.