उजवी बिजागरी

पदानचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठून तो काळी कॉफी करायचा, बायको रिनिंगने पानात बांधून ठेवलेला मऊ भात आणि सुकी मासळी पिशवीत टाकायचा आणि सायकल काढायचा. समुद्रकाठच्या ताराकान शहरातल्या धावपट्टीलगतच्या हँगरवर तो पोचायचा तेव्हा रखवालदार अजून पेंगत असायचा.

इतक्या लवकर जायचं कारण म्हणजे डोंगर. वर क्रायानच्या खोऱ्यांत सकाळी आकाश उघडं असतं आणि ऊन चढलं की ढग झाकण घालतात. विमान निघायचं तर पहिल्या उजेडातच. त्याआधी कुणीतरी त्याचा पंखा, चाकं, शेपटी हात लावून बघितलेली असायला हवी. वीसएक वर्षं ते बघणारा माणूस पदान होता.

तो स्वतः वरचाच, पा तेरांग गावचा. त्या गावात साखर विमानानं येते, सिमेंट विमानानं येतं, मास्तरही विमानानंच येतो. खाली जातात ते तांदूळ, डोंगरातलं मीठ आणि आजारी माणसं. हद्दीपलीकडे मलेशियात जायची पायवाट आहे, पण पावसाळ्यात तिचा चिखल रेड्याच्या पोटाला लागतो. तरुण पदान खाली आला तो हमाल म्हणून. गोणी उचलता उचलता तो पाना-पक्कड धरायला शिकला आणि मग परीक्षा देऊन मेकॅनिक झाला. त्याला शिकवणारा म्हातारा मेनादो शहराकडचा होता. म्हातारा कमी बोलायचा. "नट आवळलास?" असं तो कधी विचारायचा नाही. "दाखव," म्हणायचा.

त्याच म्हाताऱ्यानं त्याला एक सवय लावली होती. विमानाचा जो भाग कायमचा काढला, तो त्याच दिवशी करवतीनं कापून टाकायचा. नियमात कापायला सांगितलंय, पण त्याच दिवशी असं नाही. म्हातारा म्हणायचा, "टाकलेला भाग हँगरमध्ये अख्खा झोपता कामा नये. गरज पडली की माणसाचे हात वळवळतात. आधी करवत, मग जेवण." म्हातारा गेला, सवय राहिली. पदान करवत चालवून, तुकड्यांवर लाल रंग मारून, हात धुऊनच डबा उघडायचा. बाकीचे हसायचे. वडीलधाऱ्याला तिकडं मानानं 'पाक' म्हणतात. "पाक पदाननी आज परत कुणाचा तरी गळा कापला," असं कुणी म्हटलं की तोही हसायचा.

त्याची एकुलती लेक दोर्कास लग्न करून पा तेरांगलाच राहिली होती. तिचा नवरा युदा भातशेती करायचा. रोज सकाळी सहाला हँगरचा वायरलेस वरच्या गावांशी बोलायचा. हवा कशी, ढग कुठं, हे विचारून झालं की दोर्कास मध्येच घुसायची. त्या वर्षी तिला दिवस गेले आणि तिच्या थट्टेला ऊत आला.

वरच्या लोकांत पहिलं नातवंड झालं की आजोबा नवीन नाव घेतो. गावजेवण घालायचं, रेडा कापायचा, सगळ्यांसमोर नाव सांगायचं. त्यानंतर जुन्या नावानं त्याला कुणी हाक मारत नाही. माणूस एक पायरी वर चढला, असा त्याचा अर्थ.

"बाबा, नाव ठरलं का?" दोर्कास विचारायची.

"बघू."

"बघू काय? लोक नावात डोंगर घेतात, गरुड घेतात. तुम्ही 'फडक्यानं पुसणारा' असं घ्या. सगळ्या गावाला पटेल."

"वायरलेस हवेसाठी आहे, पोरी."

"हवा चांगली आहे. रेडा पण चांगला आहे. माझ्यापेक्षा जास्त खातो."

तो रेडा पदाननं आधीच घेऊन ठेवला होता. जादा कामाचे पैसे दोन-तीन वर्षं बाजूला टाकून युदामार्फत विकत घेतला होता. रिनिंगला शिलाई यंत्र हवं होतं, ते तिनं पुढं ढकललं. नावही त्याच्या मनात ठरलेलं होतं. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बाळंतपणासाठी दोर्कासनं तारखेच्या तीन आठवडे आधी खाली यायचं, असं ठरलं होतं. वर आरोग्य केंद्र होतं, नर्स चांगली होती, पण पोट कापायची सोय नव्हती.

त्याच सुमारास विमान बनवणाऱ्यांच्या देशातून हुकूम आला. दूर कुठंतरी ह्याच जातीच्या एका विमानाच्या शेपटीत भेग सापडली होती. शेपटीची आडवी फळी वरखाली होते ती दोन बिजागऱ्यांवर, एक डावी, एक उजवी. जगात जिथं जिथं हे विमान आहे तिथं दोन्ही बदला, आणि इतक्या तासांच्या उड्डाणाच्या आत बदला, असा हुकूम. त्यात पर्याय नसतो. मुदत उलटली की विमान जमिनीवर.

मुदतीला अजून बरेच तास शिल्लक होते. पण कंपनीचं एकमेव विमान ठरावीक तपासणीसाठी उघडलेलंच होतं आणि नव्या बिजागऱ्यांचं खोकं येऊन पडलं होतं. पदान तपासनीस सियाहानला म्हणाला, "शेपटी उघडलीच आहे, तर आत्ताच बदलू. नंतर परत विमान अडकायला नको."

सियाहान बाताक जमातीचा माणूस, आवाज मोठा. "तुला कसली घाई? लेकीची ना?"

"हो. पुढच्या आठवड्यात तिला आणायचंय. तेव्हा विमान मोकळं हवं."

"मग बदल. खोकं मी येऊन उघडतो. मी बघितल्याशिवाय सील तोडायचं नाही."

सियाहान दुपारी दुसऱ्या हँगरला गेला होता. पदाननं जुन्या बिजागऱ्या काढल्या. धुतल्या, लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी भुकटी फवारली. भेग असली तर भुकटीवर लाल रेघ उमटते. तो भिंग घेऊन बराच वेळ बसला. रेघ नव्हती. दोन्ही स्वच्छ होत्या. मग त्यानं त्या चिमट्यात धरल्या आणि सवयीप्रमाणं करवतीनं कापल्या. चांगलं पोलाद होतं, घाम निघाला. मग हात धुऊन जेवला.

संध्याकाळी सियाहाननं सील तोडलं. खोक्यावर डावी-उजवी असं बरोबर छापलेलं होतं. आत मात्र दोन्ही डाव्याच निघाल्या.

सियाहान तुकड्यांच्या डब्याकडे बघत राहिला. जुनी उजवी अख्खी असती तर परत बसवून उरलेले तास विमान उडवता आलं असतं. नियमात तशी मुभा होती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

"जकार्ताहून मागवतो," सियाहान म्हणाला. "दोन-तीन दिवस लागतील. लेकीला अजून वेळ आहे ना?"

"आहे," पदान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वायरलेसवर दोर्कास नव्हती, युदा होता. तो हवेचं काही बोललाच नाही.

"बाबा, रात्रीपासून रक्त जातंय. नर्स म्हणते, खालीच न्यायला हवं. आजच."

"शुद्धीत आहे का?"

"आहे. आकाश अगदी उघडं आहे बाबा. विमान पाठवा."

पदाननं त्याला थांबायला सांगितलं. सियाहाननं दुसऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांचं एकच विमान होतं, ते पहाटेच दुसऱ्या खोऱ्यात गेलेलं. परत यायला दुपार. हेलिकॉप्टर बालिकपापानला, इंजिन उतरवलेलं. सियाहान फोनवर ओरडला, मग विनवण्या केल्या, मग खाली बसला.

पायलट प्राम जावाचा, तरुण, पदानला बापासारखा मानणारा. तो हातात डावी बिजागरी फिरवत आला. "पाक, ही उलटी करून बघा. एक भोक जुळत नाही, बाकी सगळं जुळतं. नवं भोक पाडलं तर बसेल. एक फेरी फक्त. मी हळू नेतो."

सियाहान उठला. "मी ह्यावर सही करणार नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण मी कॉफी प्यायला चाललोय. लवकर परत येणार नाही."

तो खरोखरच गेला. पदाननं बिजागरी घेतली, शिडी चढला आणि ती उलटी करून जागेवर धरली. प्राम खरं बोलत होता. एक भोक सोडून सगळं जुळत होतं. त्यानं ड्रिल मागितलं. प्रामनं ते वर दिलं. पदाननं टोक धातूवर टेकवलं. भोक पाडायचं तर ते कडेच्या फार जवळ येत होतं. तिथं धातू उरणार होता करंगळीच्या नखाएवढा.

तो शिडीवर बराच वेळ तसाच होता. मग खाली उतरला आणि ड्रिल बाकावर ठेवलं.

"मी जायला तयार आहे, पाक," प्राम म्हणाला. "मला भीती नाही."

"जाताना तू एकटा असशील," पदान म्हणाला. "येताना ती आत असेल."

प्रामनं ड्रिल उचलून जागेवर ठेवलं.

युदानं वायरलेस खांद्यावर घेऊन आरोग्य केंद्रात नेला होता. आठच्या सुमाराला दोर्कासचा आवाज आला. दम लागल्यासारखा.

"बाबा, निघालं का विमान?"

पदानच्या हातात बटण होतं. हँगरच्या दारातून समुद्रापर्यंत लख्ख ऊन पडलं होतं. "ढग आहेत, पोरी," तो म्हणाला. "हटले की निघतं."

"इथं तर एक पण नाही."

"इथं आहेत."

"बरं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "तुमच्याकडचे ढग पण पुसून घ्या ना फडक्यानं."

त्यानंतर ती वायरलेसवर आली नाही.

दुसऱ्या कंपनीचं विमान दुपारी दीडला निघालं. खोऱ्याच्या तोंडापर्यंत गेलं, घिरट्या घातल्या, खाली काहीच दिसेना म्हणून परतलं. त्या पायलटनं हँगरवर येऊन पदानचे दोन्ही हात धरले. पाच वाजता मूल झालं, मुलगी. अंधार पडायच्या आत दोर्कास गेली.

उजवी बिजागरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानानं आली. सियाहान म्हणाला, "तू घरी जा. मी दुसऱ्याला लावतो."

"रिनिंगला वर न्यायचंय," पदान म्हणाला. "मीच बसवतो."

त्यानं आधी खोकं उघडून बघायला लावलं. मग बिजागरी बसवली, बोल्ट ठरल्या जोरानं आवळले, नट सुटू नयेत म्हणून तार ओवून पिळली. एक पीळ सैल वाटला म्हणून ती तार कापून पुन्हा ओवली. सियाहाननं विजेरीनं सगळं तपासलं. एरवी तो काहीतरी खोट काढायचा. त्या दिवशी नुसती सही केली.

सकाळी प्रामनं विमान नेलं. पदान आणि रिनिंग शेवटच्या बाकावर बसले होते. पायाशी सिमेंटच्या गोण्या होत्या, थडग्यासाठी. चढताना, वळताना, मागं ती फळी वरखाली होत असल्याचं पदानला पाठीतून कळत होतं. काहीही कुरकुरलं नाही. रिनिंगनं वाटभर विचारलं नाही, पण उतरताना विचारलं. "ते भोक पाडलं असतं, तर टिकलं असतं का?"

"ठाऊक नाही," पदान म्हणाला. आणि त्याला खरंच ठाऊक नव्हतं. कुणालाच ते कधी कळणार नव्हतं.

दफन झाल्यावर गावातला सर्वांत म्हातारा माणूस त्याच्याजवळ येऊन बसला. मूल रिनिंगच्या मांडीवर होतं, कापडाच्या बोळ्यानं साखरपाणी चोखत. म्हातारा म्हणाला, "दुःख आहे, मान्य. पण नातवंड झालंय. जुन्या नावानं आता आम्ही तुला हाक मारू शकत नाही. रेडा आहेच. जेवण आज घाल नाहीतर महिन्यानं घाल. नाव सांग."

सगळे थांबले. पदानच्या मनातलं नाव तयार होतं. ते तो आधी दोर्कासला सांगणार होता, ती खाली आली की.

"नाव नाही घेणार," तो म्हणाला.

"मग तुला हाक काय मारायची?"

"नका मारू."

तसंच झालं. आजही तो वर गेला की लोक त्याच्याजवळ येऊन खांद्याला हात लावतात आणि मग बोलायला लागतात. पदान अशी हाक त्याला फक्त हँगरमध्ये मिळते.

हँगरमधलं काम त्यानं सोडलं नाही. पहाटे चारला उठणंही नाही. काढलेला भाग तो अजूनही त्याच दिवशी कापतो. फक्त आधी नव्याचं खोकं उघडून घेतो, आणि कापून झाल्यावर लगेच जेवत नाही. गळा कापल्याची थट्टा आता कुणी करत नाही. वायरलेसवर सहाला हवा विचारायची वेळ झाली की तो बाहेर चाकं बघायला जातो.

त्या पोरीला वर अंगावरचं पाजायला कुणी नव्हतं. युदानं रेडा शेजारच्या गावात विकला आणि पैसे पदानकडे पाठवले. पदाननं त्यात आपला पगार घातला. दर पंधरवड्याला तो ताराकानच्या बाजारातून बाळाच्या दुधाची पावडर आणायचा, हँगरच्या काट्यावर स्वतः वजन करायचा, मालाचं भाडं भरायचा आणि विमानाच्या शेपटीकडच्या कप्प्यात डबे नीट बांधून ठेवायचा. प्राम म्हणायचा, "पाक, हे मी असंच नेतो, भाडं कशाला?" पदान म्हणायचा, "वजन आहे. लिहून घे."

पोरगी भात खायला लागेपर्यंत रेड्याचे पैसे दुधात गेले, आणि त्याचा पगारही.