मातीच्या बाईची ओटी

पुण्याहून निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "सोलापूरला चाललीयेस, चादर आणल्याशिवाय दारात पाऊल टाकायचं नाही!" मी मात्र चालले होते मातीची बाई बघायला. माझी मैत्रीण शलाका हिचं पहिलंच प्रदर्शन! एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये तिनं काळ्या मातीची पंधरा फुटी गरोदर बाई निजवली होती. निसर्ग, देह, बदलतं माध्यम, असं ती फोनवर बरंच काही बोलायची. मला कळलं ते एवढंच, की उद्घाटन संध्याकाळी पाचला आहे.

सोलापुरातल्या नवी पेठेच्या गर्दीतून रिक्षा काढता काढता रिक्षावाल्यानं विचारलं, "माती बघाय पुण्यावरनं आलाय व्हय? आमच्याकडं लई हाय की! जाताना घेऊन जावा पोतंभर."

शेडमध्ये शिरले तर शलाका गळ्यातच पडून रडायला लागली. बाईच्या पोटाला हातभर भेग! "संपलं गं सगळं. पाचला लोक येणार."

शेजारी पाटी होती : 'बदल. माध्यम : माती. कृपया हात लावू नये.'

"अगं, नावच 'बदल' ना? मग बदलली की ती!" मी म्हणाले. तिनं असे डोळे वटारले, की मी गपगुमान कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली भाकरी) आणि शेंगाचटणी खायला बसले.

होटगीहून झाडलोटीला येणाऱ्या पारूमावशी कमरेवर हात ठेवून भेग बघत होत्या. "नुसती माती हाय ही. शेण न्हाय, भुसा न्हाय. तडकंल न्हाय तर काय करंल? कधी भुई सारवली न्हाय व्हय गं?"

कलाशाळेत पाच वर्षं शिकलेल्या शलाकानं मान खाली घातली.

मग काय विचारता! मावशींनी शेजारच्या गोठ्यातून शेण आणि भुसा आणला, कालवायला काही मिळेना म्हणून ती 'हात लावू नये'ची पाटीच उपडी टाकली. "घाल की हात, पुण्याच्या बाई!" मी कोपरापर्यंत शेणात! हसून हसून माझंच पोट तडकायची वेळ आली. शलाकाही भेग लिंपता लिंपता खिदळायला लागली. पाहुणे आले तेव्हा आम्ही तिघी नखशिखांत बरबटलेल्या होतो.

निघताना मावशींनी दळणाच्या पिशवीतले मूठभर गहू बाईच्या ओल्या पोटात दाबले. "पोटुशी हाय. ओटी नगं व्हय भरायला?" झालं! पाहुण्यांतल्या बायकाही पुढे सरसावल्या. शलाकानं पाटी धुतली, पण परत लावली नाही.

मी चादर विसरून घरी पोचले. सासूबाईंनी दारातच नाक मुरडलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आजवर प्रदर्शनं लांबून बघितली, या वेळी हात लावून आले होते.

चौथ्या दिवशी शलाकाकडून फोटो आला. भेगेच्या जागी गव्हाचे हिरवे कोंब, आणि शेजारी ऐटीत उभ्या पारूमावशी, फेटा बांधायचाच काय तो बाकी!

सासूबाईंनी चष्मा लावून फोटो दोनदा बघितला. मग कपाट उघडून एक मऊ दुपटं माझ्या हातात ठेवलं.

"पुढच्या वेळी जाशील तेव्हा ने. बाळ बघायला रिकाम्या हातानं जायचं नसतं."