कोऱ्या पानावरचा ढीग

माझ्या नणंदेनं कादंबरी लिहिली तेव्हा आमच्या घरात वाचता येणाऱ्या बायका दोनच होत्या. एक ती आणि दुसरी मी, चौथी पास. म्हणजे लिहिणारी सोडली तर वाचणारी मी एकटी.

नणंद नगरच्या कॉलेजात शिकवायची आणि केडगावात खोली घेऊन राहायची. लग्न केलं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी सुट्टीत गावी आली ती वह्या घेऊनच. आपल्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांवर पुस्तक लिहायचं म्हणाली. पाटलाचं घराणं कसं उतरत गेलं ते बायकांच्या तोंडून सांगायचं. त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. आजेसासूच्या काळी दारात घोडं होतं, सासूच्या काळी घोड्याचं खोगीर होतं, माझ्या वाट्याला खोगीर टांगायची खुंटी आली.

मी तिची वही चाळली आणि विचारलं, "वन्सं, ह्यात कुनाचं नावच न्हाई?"

ती म्हणाली, "प्रायोगिक कादंबरी आहे, वैनी. काळ उलटा जातो, आणि कोण बोलतंय ते वाचणाऱ्यानं ओळखायचं."

म्हटलं, वाचणाऱ्याला दुसरा कामधंदा नसला तर ओळखील.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, लेकीवर खूश होत्या. आमच्या घराण्यावर पुस्तक निघतंय असं त्यांनी पाणवठ्यापर्यंत सांगून ठेवलं. घोड्याचा रंग, लग्नातल्या पंगती, सगळं त्यांनी मन लावून सांगितलं. फक्त एक गोष्ट बजावली. "खडीचं एक अक्षर लिहिलंस तर ह्या घराची पायरी चढायची न्हाई. मेले तरी यायचं न्हाई."

नणंदेचं माहेर म्हणजे हेच एक घर. तिला सासर नव्हतंच. तिनं वही मिटली.

खडीचं सांगते. दुष्काळात सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. आमच्या घरातले पुरुष तेवढे ओट्यावर बसून मिशीला पीळ देत होते. पाटलानं खडी फोडायची नाही असा नियम होता. पाटलिणीनं फोडायची नाही असाही होता. पण चूल पाटलिणीनंच पेटवायची असल्यामुळं दुसरा नियम आधी मोडला.

आता जायचं, पण कुणी बघायचं नाही. एरवी आम्ही पडद्याच्या गाडीतून बाहेर पडायचो, पण बैल चारा छावणीला गेलेले. आत्याबाईंनी तोड काढली. लग्नात अंथरायचं मोठं जाजम फडताळातून काढलं, चार कोपऱ्यांना वेळूच्या चार काठ्या लावून पडद्यासारखं चौफेर उभं केलं आणि आम्ही त्याच्या आत शिरून चालायला लागलो. तीन कोपऱ्यांना आत्याबाई, मी आणि माझी धाकटी जाऊ. चौथ्या कोपऱ्याला आमच्याकडं पूर्वी भांडी घासायला असलेली म्हातारी. ती आधीपासून कामावर जात होती. तिला कशाचाच पडदा नव्हता, पण जुन्या ओळखीखातर तिनं बाहेरून वेळू धरला.

दीड कोस वाट. जाऊ उंच, आत्याबाई बुटक्या, त्यामुळं जाजम एका अंगाला कलायचं. आतून फक्त आपली पावलं दिसायची. म्हातारी पुढं काय आहे ते सांगायची, तेही खड्ड्यात पाय गेल्यावर. रस्त्याला शेकडो बाया होत्या. पदर पुढं ओढून त्यांच्यात मिसळलो असतो तर कुणी वळून बघितलं नसतं. पण जाजमात चालणारं घर पंचक्रोशीत एकच. पोरं लांबून ओरडायची, पाटलाचा डबा आला. कामावर वेळू जमिनीत रोवून आम्ही आतच खडी फोडायचो. मुकादम बाहेर उभा राहून हजेरी घ्यायचा आणि आम्ही आतून एकेक हात बाहेर काढायचो. बांगड्यांवरून तो आम्हाला ओळखायला शिकला.

चैत्रात आत भट्टी झाली. आठव्या दिवशी जाऊ हातोडी घेऊन तशीच आडवी पडली. म्हातारीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "पाटलीणबाई, जाजम खाली अंथरा आन् वर बसा. त्याचं कामच ते हाय."

आत्याबाईंनी पदर खोचला. मग त्यांनीच पहिला वेळू उपटला. पुढं पाऊस पडेपर्यंत आम्ही उघड्यावर, जाजमावर बसून खडी फोडली. पाऊस पडला तशी आत्याबाईंनी जाजमाची घडी घातली आणि त्या विषयाचीही.

हे सगळं नणंदेला मी सांगितलं. आत्याबाई झोपल्या की दुपारी गोठ्यात बसून सांगायची. का सांगितलं? घोडं मी बघितलेलं नव्हतं. खडी फोडली होती, आणि चांगली फोडली होती. माझ्यावर पुस्तक लिहायचं आणि त्यात मी फक्त भाकरी थापताना दिसायची, हे मला पटलं नाही.

पुढच्या वर्षी पुस्तक छापून पोस्टानं आलं. नणंद स्वतः आली नाही, त्यावरून मी काय ते समजले. आत्याबाई म्हणाल्या, वाच.

रोज दुपारी वाचायला बसलो. मुश्किलीचं काम होतं. पुस्तकात पूर्णविरामच नव्हते, थांबायची सोय नव्हती. सगळ्या बायका एकाच दमात बोलायच्या, आजेसासूचं बाळंतपण संपायच्या आत माझा संसार सुरू व्हायचा. पानाच्या खाली येईपर्यंत मला ठसका लागायचा आणि आत्याबाई पाण्याचा तांब्या पुढं करायच्या. मधे एक पान कोरंच होतं. नणंदेनं चिठ्ठीत कळवलं होतं की ते बायकांचं मौन आहे. आत्याबाई म्हणाल्या, छापायचं राहिलंय, पुस्तक परत कर.

पाचव्या दिवशी खडी आली. पानाच्या सुरुवातीलाच जाजम. नणंदेचं माहेर तुटणार, आणि फितूर मी. मी नजर पानावर ठेवली आणि मनानंच वाचायला लागले. घोड्याची वरात काढली, पंगत बसवली, जिलबी वाढली.

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज ठसका कसा लागंना तुला?"

मी पुस्तक डोळ्यांजवळ घेतलं.

"आन् आमच्यात जिलबी कधी व्हती गं? लाडू व्हते. वाच नीट."

मग वाचलं. जाजम वाचलं, डबा वाचला, हात बाहेर काढून दिलेली हजेरी वाचली. जाऊ पडली तेही वाचलं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तांब्या पुढं केला नाही. वाचता वाचता मी मनातल्या मनात नणंदेला पत्र लिहीत होते की आता येऊ नका. शेवटी असं होतं की दिवस मावळताना मुकादम ढीग मापायला आला आणि थोरल्या सुनेचा ढीग सगळ्यांत मोठा निघाला.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्हा वाच ते."

पुन्हा वाचलं.

"कुनाचा मोठा?"

"थोरल्या सुनंचा, आत्याबाई."

"हे कुनी सांगितलं तिला?"

मी पाणी प्यायले.

"माझा मोठा व्हता," त्या म्हणाल्या. "मुकादमाला इचार. तुझी खडी जाड असायची, त्यो परत फोडाय लावायचा. पत्र लिही तिला. म्हनावं, खोटं लिवायचं न्हाई. आन् ये म्हनावं, समोर बसून सांगते."

मी पत्र टाकलं. नणंद चार दिवसांत आली. पायरीवर जरा घुटमळली, तर आत्याबाईंनी आतूनच विचारलं, पाय धुतलेस का. मग दोघी ढिगावरून भांडल्या. नणंद म्हणाली, छापलेलं आता बदलता येत नाही, आणि ती सून म्हणजे वैनी नव्हेच, ती कुणीही बाई आहे. आत्याबाई म्हणाल्या, कुनीही बाईचा ढीग आमच्या रस्त्यावर कसा आला.

शेवटी त्यांनी पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं आणि कोरं पान काढायला लावलं. "हितं जागा हाय की. लिही."

मी पेन घेतलं आणि लिहिलं, सासूचा ढीग मोठा होता. नणंद कपाळाला हात लावून बसली. तिचं मौन गेलं.

ते पुस्तक अजून घरात आहे. आत्याबाई गेल्या, पान तसंच आहे, माझ्या अक्षरात. पण त्यांची नजर खडीच्या वेळीच अधू झाली होती आणि त्यांच्या ढिगात निम्मी माती असायची. ढीग माझाच मोठा होता.