बाबांची ओली चादर

"बेन, आजे चादर सूकी छे ने?"

साहेबांनी सोमवारची ऑनलाइन मीटिंग अशी सुरू केली. पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसल्या. कुणी तोंडावर हात धरला, कुणी कॅमेराच बंद केला. मीसुद्धा हसले. त्याची लाज अजून जात नाही.

साहेबांचं बडोद्यातच अकोट्याला मोठं घर. मीटिंगसाठी वेगळी खोली, दार लावलेलं. आमची एकच खोली. त्यातच गॅस, कपाट, बाबांची खाट आणि खाटेच्या पायथ्याशी माझा कंपनीचा लॅपटॉप. बाबांनी जन्मभर कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदाराकडे वेल्डिंग केलं. आता अर्धं अंग लुळं पडलंय. बघायला दुसरं कोणी नाही, म्हणून हातापाया पडून मी घरून काम मागून घेतलं.

आमच्या खोलीला आडोसा नव्हता, पण भाषा होती. बडोद्यात घराबाहेर सगळं गुजराती नाहीतर हिंदी. ऑफिसात मराठी कळणारं कोणी नाही. त्यामुळे माइक चालू असला तरी मी बाबांशी बिनघोर बोलायचे.

त्याआधीच्या मीटिंगमध्ये मी मालाच्या गाड्यांचं सांगत होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "पोरी, चादर ओली झाली गं."

"असू दे बाबा. मीटिंग संपली की बदलते."

एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण सॉफ्टवेअर ऐकत होतं. त्यात नवीन एआय बसवलं होतं. कुठल्याही भाषेतलं बोलणं टिपायचं, त्याचं इंग्रजी करायचं आणि गोषवारा सगळ्यांना मेल करायचा. त्यात राहिलेल्या कामांखाली, गाड्यांच्या पाठोपाठ, माझ्या नावापुढे लिहिलं होतं: वडिलांची ओली चादर बदलणे. मेल हेड ऑफिसपर्यंत गेला.

साहेबांनी विचारलं तेव्हा स्पीकर चालू होता. बाबांना गुजराती माझ्याहून चांगलं येतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ते हाक मारत नाहीत. ओल्यात पडून राहतात, ओठ घट्ट मिटून. पाठीला चट्टे पडलेत. मी हात जोडते, "बाबा, सांगत जा हो." ते म्हणतात, "तुझी नोकरी आहे."

मी कंपनीत फोन केला. म्हटलं, तेवढी एक ओळ पुसा.

"वो तो सबके पास चला गया. और मीटिंग में आते वक्त ओके तुमने ही दबाया था ना?"

दाबलं होतं. न दाबता आत जाताच येत नाही. याला हे लोक संमती म्हणतात. बाबांचा आवाज आता कुठे कुठे पडून आहे, कोण ऐकतंय, कोणी सांगत नाही. नुसती चरफडत बसले मी. दुसरं काय करणार होते?

आज पुन्हा पडद्यावर तो ओकेचा चौकोन आला. बोलणं टिपलं जाईल, मान्य आहे का? मी नाही म्हटलं. मीटिंगचं दार बंद झालं. लगेच साहेबांचा फोन.

"तो पछी रोज ऑफिस आवो."

मला येता येत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

"साहेब, ए बंद करो तो मीटिंगमां आवीश," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

नोकरी जाईलही. गेली तर बाबांची औषधं कुठून आणायची, मला माहीत नाही. बाबा अजून हाक मारत नाहीत. मीच मधूनमधून उठते आणि चादरीखाली हात घालून बघते. पण त्या ओकेवर माझं बोट पडणार नाही. उद्या विचारा, परवा विचारा. नाही म्हणजे नाही.